थेंब आणि तळें

“थेंबें थेंबें तळें साचे” ही म्हण आपल्यापैकीं प्रत्येकानें बालपणीं ऐकली आहे, आणि पुष्कळांनीं ती शुद्धलेखनाच्या वहींत दहा-दहा वेळां लिहूनही काढली आहे. यंदाच्या पालकसभेंत याच म्हणीचा आधार घेऊन एका सुज्ञ पालकांनीं मला प्रश्न केला. ते म्हणाले, “सर, माझी मुलगी मोबाइलवर पांच मिनिटांचा एक धडा पाहते, त्याखालच्या तीन प्रश्नांचीं उत्तरें बरोबर देते, आणि ‘पूर्ण झालें’ अशी हिरवी खूण मिळविते. असे चार धडे वीस मिनिटांत संपतात. मग त्याच विषयासाठीं शाळेनें चाळीस मिनिटांचा तास घ्यावा आणि वर घरचा अभ्यासही द्यावा, हें कशासाठीं? थेंबाथेंबानेंच तळें साचतें ना?”

सभेंत थोडा हंशा झाला. परंतु प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा खचित नव्हता. त्या वेळीं मीं कांहीं उत्तर दिलें, पण घरीं परततांना तें माझें मलाच अपुरें वाटलें. शिवाय, वाचनाचा तास बंद करून त्या जागीं असे छोटे धडे दाखवावे, अशी लेखी सूचनाही कांहीं पालकांकडून शाळेकडे आली आहे. त्या तासाचें भवितव्यच या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असल्यामुळें तें उत्तर नीट विचार करून येथें देण्याचें योजिलें आहे.

प्रारंभींच एक गोष्ट मान्य करणें अवश्य आहे. छोटा धडा ही कांहीं मोबाइलबरोबर जन्मास आलेली वस्तु नव्हे. आमच्या आजोबांच्या काळीं दिवेलागणीस मुलें परवचा म्हणत. पाढे, पावकी, निमकी, वार, महिने हें सर्व कोणी एका बैठकींत शिकवीत नसे. रोज थोडें नवें, आणि कालचें आज पुन्हा, असा तो क्रम होता. ब्रिटनमध्यें १८४० सालीं एका पेनींत पत्र पाठविण्याची सोय झाली, तेव्हां लघुलेखनाची पद्धति बसविणारे आयझॅक पिटमन यांनीं टपालानें धडे देण्यास आरंभ केला. विद्यार्थ्यानें दिलेला उतारा लघुलिपींत लिहून पाठवावा, आणि तो तपासून त्याच्याकडे परत जावा, अशी ती व्यवस्था होती. आपल्या काळांत, २००४ सालीं, अमेरिकेंतील सलमान खान (त्याच नांवाचे चित्रपटनट नव्हेत) यांनीं दूरच्या शहरीं राहणाऱ्या आपल्या नात्यांतील एका मुलीस गणित शिकविण्यास सुरुवात केली. २००६ सालीं ते असे धडे यूट्यूबवर ठेवूं लागले, आणि त्यांतूनच पुढें खान अकॅडमी उभी राहिली.

आपल्या देशांतही केंद्र सरकारनें २०१७ सालीं ‘दीक्षा’ हें व्यासपीठ सुरू केलें. पाठ्यपुस्तकांतील चौकोनी क्यूआर कोडवर मोबाइल धरला कीं त्या पाठाची पूरक सामग्री समोर येते, हें आतां आमच्या पांचवींतल्या मुलांनाही ठाऊक आहे. सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनीं पाठ्यपुस्तकांत हे कोड आणण्याच्या कामीं पुढाकार घेतला. २०२० सालीं त्यांस ग्लोबल टीचर प्राइझ मिळालें, तेव्हां एका खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षकाचें नांव जगभर झालें. शिक्षकवर्गास याचा अभिमान वाटावा हें साहजिक आहे.

छोट्या धड्याचे गुणही उघड आहेत. वर्गांत एकदां न समजलेली गोष्ट पुन्हा विचारावयास लाजणारें मूल मोबाइलवर तीच गोष्ट चार वेळां निःसंकोच ऐकतें. तापानें आठ दिवस अंथरुणास खिळलेल्या विद्यार्थ्याचा पाठ बुडत नाहीं. संध्याकाळीं वडिलांच्या दुकानांत बसणाऱ्या मुलास दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळांत एखादा धडा पाहतां येतो. जो शिक्षक या सोयीस केवळ ती नवी आहे म्हणून नांवें ठेवील, तो विद्यार्थ्यांचें हित पाहत नसून आपली संवय सांभाळीत आहे, असेंच म्हणावें लागेल. चाळीस मिनिटांच्या तासांतील पुष्कळ वेळ आम्ही शिक्षकही टिपणें उतरून देण्यांत दवडतों, ही कबुली येथेंच दिलेली बरी.

मग अडचण कोठें आहे? ती मला कोणत्याही ग्रंथानें नव्हे, तर माझ्या स्वतःच्या चुकीनें दाखविली. मार्च २०२० मध्यें शाळा बंद झाल्या, तेव्हां नववीच्या भूमितीचे छोटे व्हिडिओ मींही तयार केले. त्रिकोणांच्या एकरूपतेच्या प्रत्येक कसोटीस एक धडा : एक ‘बाबाबा’चा, एक ‘बाकोबा’चा, एक ‘कोबाको’चा, एक ‘कर्णभुजा’ कसोटीचा. प्रत्येक धडा सहा मिनिटांचा व त्याखालीं चार प्रश्न. मुलांनीं धडे पाहिले, उत्तरें पाठविलीं, आणि तीं बहुतेक बरोबर होतीं. मीं मनांत म्हटलें, “पाठ झाला.” पुढें वर्ग पुन्हा भरूं लागले. मीं फळ्यावर एक आकृति काढली आणि यांतील दोन त्रिकोण एकरूप आहेत असें सिद्ध करावयास सांगितलें. वर्ग स्तब्ध! अखेर एक हुशार मुलगी उठून म्हणाली, “सर, हें कोणत्या धड्यांतलें आहे तेवढें सांगा, म्हणजे मी सोडवितें.”

त्या एका वाक्यानें माझे डोळे उघडले. प्रत्येक धड्याच्या मथळ्यावर कसोटीचें नांव मींच छापलें होतें. त्यामुळें कोणती कसोटी लावावी हा विचार करण्याची पाळी मुलांवर कधीं आलीच नव्हती. आणि भूमितींत खरी विद्या ती तेवढीच असते! संसारांतील अडचणी आपल्या कपाळावर धड्याचा क्रमांक लिहून येत नसतात. मीं मुलांना चार थेंब दिले, पण ते एकत्र धरून ठेवील असें कांहींच दिलें नाहीं. दोष मुलांचा नव्हता, मोबाइलचाही नव्हता. तो माझा होता.

नंतर यासंबंधीं वाचन करतांना मला दिसलें कीं माझा अनुभव एकट्याचा नव्हे. डग रोरर आणि केली टेलर या संशोधकांनीं २००७ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका गटास घनाकृतींचें घनफळ काढण्याचीं उदाहरणें प्रकारवार दिलीं, आणि दुसऱ्या गटास तींच उदाहरणें सरमिसळ करून दिलीं. सरावाच्या वेळीं पहिल्या गटास शेंकडा ८९ गुण मिळाले व दुसऱ्यास ६०. परंतु आठवड्यानंतर परीक्षा घेतली तेव्हां पहिला गट २० वर आला आणि दुसरा ६३ वर राहिला. सरावांत मिळालेलें यश हें शिकल्याचें प्रमाण नव्हे, ही गोष्ट यावरून स्पष्ट होते. हिरवी खूण सरावाच्या वेळची असते. परीक्षा पुढें असते.

‘धडा सहा मिनिटांचाच असावा’ हा सल्ला हल्लीं जिकडेतिकडे दिला जातो. त्याचें एक मूळ असें कीं, २०१४ सालीं फिलिप ग्वो व त्यांचे सहकारी यांनीं एडएक्स या संस्थेच्या चार अभ्यासक्रमांतील व्हिडिओ पाहण्याच्या सुमारें ६९ लाख नोंदी तपासल्या. व्हिडिओ कितीही लांब असो, पाहण्याच्या वेळेचा मध्यक फार तर सहा मिनिटेंच येतो, असें त्यांस आढळलें. ही माहिती उपयुक्त आहे. मात्र ती मनुष्य किती वेळ पाहत बसतो याची आहे, पाहिलेलें किती दिवस ध्यानांत राहतें याची नव्हे. दहावीच्या विद्यार्थ्यांनीं हा भेद विशेषेंकरून लक्षांत ठेवावा.

ध्यानांत काय राहतें याचा शोध जर्मनींत हर्मान एबिंगहाउस यांनीं स्वतःवरच प्रयोग करून घेतला, आणि तो १८८५ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. अर्थहीन अक्षरसमूहांच्या माळा ते पाठ करीत, आणि ठराविक काळानंतर त्याच माळा पुन्हा पाठ करावयास किती श्रम कमी पडतात हें मोजीत. वीस मिनिटांनंतर शेंकडा ५८ श्रम वांचत. एका दिवसानंतर सुमारें ३४. एकतीस दिवसांनंतर सुमारें २१. म्हणजे विस्मरणाचा मोठा घाला पहिल्या दिवशींच पडतो. परंतु त्यांनीं आणखी एक गोष्ट दाखविली. जें काम एकाच दिवशीं ६८ वेळां घोकून साधे, तें तीन दिवसांत वांटून केलेल्या ३८ आवृत्त्यांनीं साधे. आमच्या आजोबांच्या परवच्यांत हेंच रहस्य होतें. तो छोटा होता म्हणून मनांत ठसला असें नव्हे. तो रोज परत येत असे म्हणून ठसला.

आणि परत येणें म्हणजे तरी काय? तोच व्हिडिओ पुन्हा पाहणें? नव्हे. अमेरिकेंतील रोडिगर व कार्पिके यांनीं २००६ सालीं विद्यार्थ्यांना एक उतारा वाचावयास दिला. कांहींनीं तो पुन्हा वाचला. कांहींनीं न पाहतां आठवून लिहिला. पांच मिनिटांनीं परीक्षा घेतली तेव्हां पुन्हा वाचणारांस शेंकडा ८१ गोष्टी आठवल्या, आठवून लिहिणारांस ७५. आठवड्यानंतर मात्र पारडें फिरलें : पुन्हा वाचणारे ४२ वर, आठवून लिहिणारे ५६ वर. जें सोपें वाटतें तें लवकर जातें, आणि जें आठवतांना कपाळास आंठ्या पडतात तें टिकतें, असा याचा इत्यर्थ आहे. पिटमन यांच्या शिष्यास टपालानें धडा येई, त्याबरोबर उतारा लिहून पाठविण्याचें कामही येई, आणि चुका दाखविणारा मनुष्य दुसऱ्या टोकास बसलेला असे. आजच्या पुष्कळ छोट्या धड्यांनीं पिटमन यांचें टपाल घेतलें. तपासणी मात्र वाटेंतच राहिली.

कोणी म्हणेल, शाळेची गोष्ट निराळी. कारखान्यांत व कचेऱ्यांत तर आतां हीच पद्धति रूढ आहे. तें खरें आहे. आमचा एक माजी विद्यार्थी एका कारखान्यांत यंत्रावर काम करतो. सुरक्षिततेचे तीन-तीन मिनिटांचे धडे त्यांच्या मोबाइलवर येतात, आणि ते त्यानें बसमधून जातां जातां पाहून पुरे केले होते. अडकलेलें यंत्र साफ करण्यापूर्वीं मुख्य बटण बंद करावें, या प्रश्नास त्याला पूर्ण गुण होते. पुढच्याच आठवड्यांत यंत्राचा पट्टा अडकला, आणि बटण बंद करण्याआधींच त्याचा हात आंत गेला. शेजारच्या वयस्क कामगारानें मनगट धरून मागें ओढला म्हणून बोटें वांचलीं. “सर, उत्तर मला येत होतें,” असें तो मला म्हणाला, तेव्हां त्याचा आवाज कापत होता.

येथेंही जुना अनुभव आपल्या उपयोगी पडण्यासारखा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, १९४० ते १९४५ या वर्षांत, अमेरिकेंतील कारखान्यांत नवशिक्या कामगारांस झपाट्यानें तयार करावयाचें होतें. त्यासाठीं ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नांवाची योजना निघाली, व तिच्याखालीं १६ लाखांहून अधिक लोकांनीं शिक्षण घेतलें. तिच्यांतही काम लहान लहान पायऱ्यांत तोडून शिकवीत. परंतु शिकविण्याचे टप्पे चार होते : कामगाराचें मन तयार करणें, काम करून दाखविणें, त्याच्याकडून करवून घेणें, आणि मागाहून वारंवार येऊन तो तें कसें करतो हें पाहणें. मोबाइलवरचा तीन मिनिटांचा धडा यांतील दुसरी पायरी उत्तम करतो. पहिलीही थोडीबहुत करील. तिसरी आणि चौथी त्याच्यानें होत नाहीं, आणि बोटें वांचतात तीं तिसऱ्या-चौथ्या पायरीवर.

आतां वाचनाच्या तासाविषयीं. कांहीं गोष्टी तुकड्यांनीं घेतां येतात व कांहीं येत नाहींत, हा विवेक आपण सोडतां कामा नये. रासायनिक संज्ञा, इंग्रजी शब्द, व्याकरणाचे नियम, सनावळी हें पांच-पांच मिनिटांत शिकावें. त्यांत कांहीं हानि नाहीं. परंतु लक्ष्मीबाई टिळक यांचीं ‘स्मृतिचित्रें’ घ्या. त्यांत काय काय घडलें हें पांच मिनिटांच्या सारांशांत खुशाल सांगतां येईल. पण त्या माउलीचें मन वर्षानुवर्षें कसें झुंजलें, कोठें अडलें, आणि हळूहळू कसें बदलत गेलें, हें पानांमागून पानें वाचल्याशिवाय कळत नाहीं. कारण तें कोणत्याही एका पानावर नाहींच. लांब सिद्धान्ताची सिद्धता, एखाद्या वादाच्या दोन्ही बाजू, मोठी कथा, या गोष्टी समजण्यास पहिल्या पानावरचें शेवटच्या पानापर्यंत मनांत धरून ठेवावें लागतें. ही शक्ति उपजत नसते. ती अर्धा अर्धा तास एका जागीं बसूनच येते. ज्या घरांत पुस्तकें नाहींत आणि निवांत कोपराही नाहीं, त्या घरच्या मुलास असा अर्धा तास शाळेखेरीज कोठेंच मिळत नाहीं. वाचनाचा तास बंद केल्यास पुस्तकें असलेल्या घरच्या मुलांचें थोडें नुकसान होईल. न असलेल्या घरच्या मुलांचें मात्र फार मोठें होईल. म्हणून तो तास राहावा, असें माझें स्पष्ट मत आहे.

त्याबरोबरच छोटे धडेही राहावे. पण त्यांस बांध घालावा. विद्यार्थिमित्रहो, त्यासाठीं मोठा खटाटोप करावयास नको. धडा संपला कीं मोबाइल पालथा ठेवा आणि काय कळलें तें न पाहतां वहींत चार ओळींत लिहा. मग ताडून पाहा. दुसऱ्या दिवशीं नवा धडा उघडण्यापूर्वीं कालच्या चार ओळी आठवा, आणि आठवड्यानें पुन्हा एकदां आठवा. शनिवारीं निरनिराळ्या प्रकरणांतील पांच उदाहरणें, प्रकरणाचें नांव झांकून, सोडवा. चुकाल, चुकलेंच पाहिजे. त्या चुका सोमवारीं वर्गांत घेऊन या. त्या तपासणें हें आमचें काम आहे, आणि ज्या दिवशीं आम्ही तें टाळूं, त्या दिवशीं आम्हांस जाब विचारण्याचा तुम्हांस अधिकार आहे.

पालकांस एकच विनंति. रात्रीं जेवतांना “आज किती धडे झाले?” असें विचारूं नका, “आज काय कळलें, मला समजेल असें सांग,” असें विचारा. हा प्रश्न विचारण्यास स्वतः शिकलेलें असण्याची गरज नाहीं. किंबहुना, ज्या आईनें शाळेचें तोंड पाहिलें नाहीं, तिला समजावून सांगतांना मुलाची जशी परीक्षा होते तशी आमच्या कोणत्याही प्रश्नपत्रिकेंत होत नाहीं.

ज्या पालकांनीं सभेंत प्रश्न विचारला, त्यांचा मी ऋणी आहें. त्यांची मुलगी कष्टाळू आहे, आणि तिनें मिळविलेली हिरवी खूण प्रामाणिकपणें मिळविलेली आहे, यांत शंका नाहीं. त्यांच्या म्हणीसही मी आव्हान देत नाहीं. आमच्या दुष्काळी भागांतील शेतकऱ्यास मात्र एक गोष्ट पुरती ठाऊक असते : पाऊस सगळ्या शिवारावर सारखाच पडतो, पण तळें बांध घातलेल्या जागींच साचतें. पुढच्या पालकसभेस त्यांनीं मुलीसह अवश्य यावें. मी फळ्यावर एक आकृति काढीन, आणि कसोटीचें नांव सांगणार नाहीं.